उद्यानातली सकाळ

चीनच्या समूह-सहलीत ज्येष्ठ प्रवाशांना मोठी भिंत, बीजिंगचा राजवाडा आणि शिआनचे मातीचे सैनिक दाखवले जातात, व ते दाखवलेच पाहिजेत. परंतु जिवंत परंपरा ज्यांच्या अंगात मुरलेली आहे अशी चिनी माणसे बहुधा याच प्रवाशांच्या वयाची असून ती सकाळी सार्वजनिक उद्यानांत भेटतात, याकडे सहलींची आखणी करणाऱ्यांनी अधिक लक्ष द्यायला हवे. बीजिंगमधील स्वर्गमंदिर, म्हणजे मिंग व छिंग घराण्यांचे सम्राट चांगल्या पिकासाठी जेथे प्रार्थना करीत ते १४२० मध्ये पूर्ण झालेले पूजास्थान, आज विस्तीर्ण उद्यानात उभे आहे. तेथील जुन्या वृक्षांखाली निवृत्त स्त्री-पुरुष ताई-ची, म्हणजे श्वास आणि संथ हालचाल यांचा मेळ साधणारी, युद्धकलेतून आलेली व २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झालेली व्यायामपद्धती, एकत्र करतात, छत असलेल्या लांब ओवरीत पत्ते खेळतात, बीजिंग ऑपेरातील, म्हणजे गायन, अभिनय आणि कसरत एकत्र आणणाऱ्या संगीतनाट्यातील, पदे गातात. काही जण तर लांब दांड्याचा कुंचला नुसत्या पाण्यात बुडवून फरशीवर सुलेखन करतात आणि अक्षरे वाळली की पुन्हा लिहू लागतात, आणि या सरावातील निष्ठा खरोखर आदरणीय आहे. हे सारे सहलीच्या मार्गदर्शकाच्या निशाणामागे घाईने चालत पाहता येत नाही. दिवसातले एखादे स्थळ वगळून अशा उद्यानासाठी सकाळचे दोन तास राखून ठेवले, बसायला बाक आणि बोलायला दुभाषी मिळाला, तर गुडघे दुखणाऱ्या प्रवाशालाही या संस्कृतीत प्रेक्षक न राहता सहभागी होता येईल.