दुकान थाटले, पण शोधणाऱ्याला सापडणार कसे?

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा गिऱ्हाईक फिरकत नव्हते. चहा वाईट होता म्हणून नव्हे, तर हॉटेल अस्पृश्याचे होते म्हणून. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखले आणि आपली गाडी त्या हॉटेलासमोर थांबवून, सोबतच्या मंडळींसह तिथला चहा घेण्यास सुरुवात केली. या घटनेचे सामाजिक मोल आपण सर्वच जाणतो. परंतु तीत व्यवहाराचाही एक धडा आहे. नुसते दुकान थाटल्याने धंदा होत नाही. गिऱ्हाईकाची वाट त्या दुकानापर्यंत यावी लागते आणि ती वाट कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.

आज ती वाट शोधयंत्राच्या ताब्यात आहे. याचे ठळक उदाहरण कोल्हापूरच्याच मातीतले आहे. कोल्हापुरी चप्पल पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने चर्मकार समाजाच्या हातांनी घडवली. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून आठ जिल्ह्यांचा त्या नावावर कायदेशीर हक्क प्रस्थापित झाला. तरीही जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा कंपनीने हुबेहूब तशीच चप्पल आपल्या प्रदर्शनात मांडली आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाल्यावर तिचे मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे कंपनीने मान्य केले. त्या चोरीवर आपण बोललो, लिहिले, ते योग्यच झाले. परंतु रोज घडणाऱ्या दुसऱ्या एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. ‘कोल्हापुरी चप्पल’ एवढे दोन शब्द मोबाईलवर लिहिले की पहिल्या पानावर बहुधा मोठ्या ऑनलाईन बाजारपेठा आणि बड्या दुकानदारांची नावे येतात. ज्याच्या हाताला चामड्याचा वास आहे, त्या कारागिराची छोटीशी वेबसाईट कुठल्या कुठे मागे पडते. कायद्याने शब्द आपला, पण शब्दाची कमाई दुसऱ्याची!

असे का होते? गुगल १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांच्या संशोधनातून उभे राहिले. एका संकेतस्थळाने दुसऱ्याचा दुवा दिला तर ते एक मत समजावे आणि वजनदार संकेतस्थळाच्या मताला अधिक वजन द्यावे, ही त्यामागची मूळ कल्पना. ऐकायला लोकशाही वाटते. वास्तविक ज्याचे नाव आधीच मोठे, त्यालाच दुवे मिळतात आणि दुवे मिळाले की नाव आणखी मोठे होते. आता इतरही शेकडो गोष्टी तपासल्या जातात, पण हा कल पूर्ण गेलेला नाही. तेव्हा ‘कोल्हापुरी चप्पल’ या मोठ्या शब्दावर बड्यांशी टक्कर घेणे म्हणजे त्यांच्या मैदानात, त्यांच्या नियमाने खेळणे होय.

परंतु शोधयंत्राला आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. विचारणाऱ्याने नेमके काय विचारले आणि त्याचे नेमके उत्तर कोणाकडे आहे? लहान माणसाची संधी इथे आहे. हाताने महिन्याला मोजकेच जोड बनवणाऱ्याला लाखो पाहुणे नकोतच. त्याला नेमके हवे ते शोधणारी थोडी माणसे पुरेशी आहेत. ती माणसे कोणते शब्द लिहितात हे शोधणे, यालाच इंग्रजीत कीवर्ड रिसर्च असे भारदस्त नाव आहे. हे काम कोणी पंडिताने करण्याचे नाही. जो गिऱ्हाईकाशी रोज बोलतो, त्यालाच ते सर्वांत चांगले जमते.

कारागीर म्हणतो कापशी, कान, वेणी, पायताण. हे शब्द आपला वारसा आहेत आणि ते पानावर असलेच पाहिजेत. परंतु पुण्या-मुंबईचा गिऱ्हाईक हे शब्द जाणत नाही. तो विचारतो, खरी कोल्हापुरी कशी ओळखायची? नवी चप्पल चावते, काय करू? पावसात चालते का? रुंद पावलाला मापाप्रमाणे करून मिळेल का? दुकानात आणि फोनवर येणारा असा प्रत्येक प्रश्न महिनाभर वहीत लिहून ठेवावा. मग तोच प्रश्न गुगलमध्ये लिहायला घ्यावा आणि खाली आपोआप कोणत्या सूचना येतात ते पाहावे. गुगल ट्रेंड्सवर कोणता शब्द कोणत्या महिन्यात वर जातो ते फुकट दिसते. जाहिरातदारांसाठीच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये, खर्च न करता, निदान ढोबळ आकडे कळतात. आणि आपल्या वेबसाईटपर्यंत लोक कोणते शब्द लिहून पोचले, हे सर्च कन्सोल नावाचे फुकट साधन सांगते. नेमक्या शब्दापुढे आकडा लहान दिसला म्हणून तो शब्द टाकून देऊ नये. मोठ्यांनी सोडलेली तीच तर आपली जमीन आहे.

आता आपल्या चुकांबद्दल. आपली मंडळी सगळा मजकूर छापील फ्लेक्ससारखा चित्रात घालून टाकतात. माणसाला ते सुबक दिसते, पण चित्रातली अक्षरे शोधयंत्र भरवशाने वाचत नाही. कित्येक जुन्या मराठी वेबसाईट आजही युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यांतले देवनागरी अक्षर पडद्यापुरतेच असते आणि आत यंत्राला निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. असे लिहिणे म्हणजे दुकानाची पाटी उलटी टांगणे होय. मजकूर युनिकोड मराठीतच हवा. शिवाय ‘कोल्हापूर’, ‘कोल्हापुरात’, ‘कोल्हापूरचा’ अशी आपल्या भाषेत शब्दांची रूपे बदलतात. म्हणून शीर्षकात तरी शब्द मूळ रूपात ठेवावा. गिऱ्हाईक मराठी शब्द रोमन अक्षरांतही लिहितो, इंग्रजीतही विचारतो. तेव्हा इंग्रजीचे एक स्वतंत्र पान असावे.

एका प्रश्नाला एक पान, पानाला त्याच प्रश्नाचे शीर्षक आणि खाली प्रामाणिक, सविस्तर उत्तर, एवढेच मुळात करायचे आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडे कसे कमावतात, वेणी कशी घालतात, चप्पल चावू नये म्हणून काय करावे, हे ज्याने हातांनी केले त्याच्याइतके दुसरा कोण लिहू शकेल? छायाचित्राखाली दोन ओळींचे वर्णन लिहावे. पान स्वस्त मोबाईलवरही चटकन उघडले पाहिजे. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते, ती करून वेळ, फोन आणि पत्ता अचूक ठेवावा.

या अज्ञानावर जगणारी एक दलालांची जमातही तयार झाली आहे. ‘महिन्यात पहिल्या क्रमांकावर आणून देतो, हमी घ्या’ असे सांगणाऱ्याला दारात उभे करू नये. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगते. पानाच्या आत लपवलेल्या कीवर्डच्या यादीचा आपण क्रमवारीसाठी विचार करत नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केले. तरी ती यादी भरून देण्याचे पैसे आजही घेतले जातात. विकत घेतलेले खोटे दुवे आणि एकच शब्द शंभरदा कोंबणे, यांवर २०१२ पासून तर कारवाईचा बडगा आहे. दलाल पैसे घेऊन जातो, शिक्षा वेबसाईटवाल्याला होते.

इतके सगळे नीट केले तरी न्याय मिळेलच असे नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये अ‍ॅडम आणि शिव्हॉन रॅफ या दांपत्याने २००६ मध्ये किमतींची तुलना करणारी फाउंडेम ही वेबसाईट काढली आणि लगेचच ती गुगलच्या निकालांत तळाला गेली. २००९ मध्ये त्यांनी युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. स्वतःच्याच खरेदी सेवेला झुकते माप दिल्याबद्दल आयोगाने २०१७ मध्ये गुगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. पण फाउंडेम २०१६ मध्येच बंद पडली होती. आपल्या देशातही शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यात २०२४ पासून भारतात शोधयंत्र स्वतःच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले उत्तर वर दाखवू लागले आहे. वाचक तिथूनच परतला, तर ज्याच्या मजकुरावर ते उत्तर उभे आहे त्याच्या दारात तो येणारच नाही. म्हणून एकदा आलेल्या गिऱ्हाईकाचा फोन क्रमांक त्याच्या संमतीने आपल्या वहीत नोंदवावा. शोधयंत्राचे नियम उद्या बदलतील, वही आपलीच राहील.

आणि शेवटी, एकट्याने हे होणार नाही. दुवा हेच मत असेल, तर आपण एकमेकांना मते का देत नाही? कापशीच्या कारागिराने कुरुंदवाडच्या कारागिराचा, त्याने मिरजेच्या दुकानाचा, आपल्या लेखकांनी या सर्वांचा खराखुरा दुवा द्यावा. चर्मोद्योग महामंडळाने मानांकनाच्या आठ जिल्ह्यांतील नोंदणीकृत कारागिरांची नावनिशीवार यादी त्यांच्या वेबसाईटच्या दुव्यांसह लोकांसमोर ठेवावी आणि प्रत्येक प्रशिक्षणात हा विषय सक्तीचा करावा, अशी मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे. शिकलेल्या मुला-मुलींनी सुट्टीतले चार दिवस काढून आपल्या गल्लीतल्या एका कारागिराचे पान युनिकोडमध्ये लिहून द्यावे. बापाच्या हाताचे कसब आणि लेकीच्या हातचे अक्षर एकत्र आले, तर कोल्हापुरी हा शब्द ज्यांचा आहे त्यांच्याच घरी भाकर आणील.