किऑस्क म्हणजे नक्की काय?

गेल्या रमजानमध्ये खालाला घेऊन बँकेत गेलो होतो. पासबुक छापणारं मशीन दाराशीच होतं, वर पाटी 'किऑस्क'. खालानं पासबुक आत सरकवलं, ते परत आलं. बारकोडची बाजू उलटी झाली होती. तिनं चष्मा पुसेपर्यंत स्क्रीन पुन्हा पहिल्या पानावर गेली. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ती म्हणाली, "नक्को बाबा, ये मशीन मेरेकू बाहर ढकलताय."

मला हसू आलं नाही. नोकरीत मी अशाच मशीनसाठी सॉफ्टवेअर लिहितो. वीस सेकंद कुणी हात लावला नाही तर पहिल्या पानावर जा, ही सूचना मी स्वतः लिहिलेली आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मागची रांग होती. खाला नव्हती.

घरी येऊन शब्दाचा शोध घेतला. किऑस्क इंग्रजी वाटतो, पण मूळ फारसी, 'कुश्क'. म्हणजे वाडा, बागेतला महाल. तुर्कीत त्याचा 'कोश्क' झाला. इस्तंबूलमध्ये १४७२ साली बांधलेला चिनिली कोश्क आजही उभा आहे. तिथून फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत गेला आणि बागेतल्या खुल्या मंडपाला लागला. मग वर्तमानपत्रं विकणाऱ्या छोट्या दुकानाला आणि शेवटी मशीनला. आपल्याकडे तो थेट फारसीतूनही आला होता. दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या आवारात फिरोजशाह तुघलकाच्या काळातला कुशक महाल आहे. त्याच घराण्यातल्या मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी आपल्या दौलताबादला आणली होती.

आणखी जवळचं उदाहरण बीबी का मकबऱ्याचं. त्याच्या मिनारांच्या टोकाला ज्या छत्र्या आहेत, त्यांना वास्तुकलेच्या इंग्रजी पुस्तकांत किऑस्कच म्हणतात. खांब, वर घुमट, चारी बाजू मोकळ्या. रोशन गेटजवळची चहाची टपरीही याच कुळातली. तिथं कुणीही कुठल्याही बाजूनं येतो आणि समोरच्या माणसाशी बोलतो.

आमच्या धंद्यात मात्र 'किऑस्क मोड' याचा अर्थ अगदी उलटा. फोन किंवा टॅबलेट एकाच ॲपमध्ये कोंडायचा, होम आणि बॅकची बटणं बंद करायची. चारी बाजूंनी मोकळ्या जागेचं नाव आम्ही चारी बाजूंनी बंद केलेल्या यंत्राला दिलं.

याचा त्रास सगळ्यांनाच होतो, पण आपल्या मोहल्ल्यात तो जास्त जाणवतो. 'शेख' इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहितात. आधारवर नावापुढे 'बी' आणि पासबुकवर 'बेगम' असलेल्या कितीतरी बायका आहेत. २०२३ मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव बदललं. जुन्या कागदावर एक नाव, स्क्रीनवरच्या यादीत दुसरं. कारकुनाला हे समजावून सांगता येतं. मशीन फक्त 'माहिती जुळत नाही' म्हणतं.

कुणी म्हणेल, मग जुनी खिडकी बरी होती का? नव्हती. तिथं दलाल होते, 'उद्या या' होतं. २००६ च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेतून सामायिक सेवा केंद्रं आली, त्यामुळे कितीतरी हेलपाटे वाचले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं प्रतिनिधींमार्फत बँकसेवा द्यायला परवानगी दिली आणि बँकमित्र गल्लीत आले. त्यांनाही लोक किऑस्कच म्हणतात. ते चालतात, कारण तिथं मशीनमागे माणूस बसलेला असतो आणि तो आपली भाषा बोलतो.

म्हणून माझं भांडण मशीनशी नाही, त्याच्याजवळ माणूस नसण्याशी आहे. स्क्रीनवर मराठी असावी, अक्षर मोठं असावं, 'अजून वेळ हवा' असं बटण असावं. तांत्रिकदृष्ट्या यात काहीच अवघड नाही. माझ्या कामात मी ते बटण घातलं आहे. प्रत्येक ग्राहकामागे थोडी सेकंदं वाढतात म्हणून बैठकीत वाद झाला, पण ते राहिलं.

उरलेलं काम तुमचं-माझं. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानं अधिसूचित दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणं हा हक्क आहे, न मिळाल्यास अपील करता येतं. आपण हे आपल्या अम्मी-अब्बांना सांगितलंय का? अर्ज, दाखला, तहसील, जिल्हा, शिक्का हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि मराठीच झाले. त्या खिडकीवरची भाषा आपल्याला परकी नाही. तिथं उभं राहताना आपण तरी बिचकायला नको.

गल्लीतला प्रत्येक शिकलेला मुलगा, प्रत्येक शिकलेली मुलगी आठवड्यात एक तास देऊ शकते. आधार आणि पासबुकावरची नावं ताडून पाहायची, चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज भरून द्यायचा, पावती जपून ठेवायला सांगायची. मी दर रविवारी सकाळी खालाच्या ओट्यावर बसतो. पहिल्या रविवारी फक्त दोन शेजारणी आल्या. दोघींच्याही कागदांवर नावं वेगवेगळी निघाली.