नोकरीच्या दारातली झडती

"ऑफर आली आहे, पण बीजीव्ही बाकी आहे." दिवाळीला पुण्या-मुंबईहून गावी आलेल्या मुलामुलींच्या तोंडी हे वाक्य आता सर्रास ऐकू येते. बीजीव्ही म्हणजे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन झालेला असतो, नवी अजून हातात नसते आणि मधल्या दिवसांत कंपनीने नेमलेली एजन्सी उमेदवाराचे मागचे आयुष्य उपसत असते. शेवटी अहवालावर हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा बसतो. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग आम्ही या पडताळणीला दिला आहे. तिचा जाच अनेकांना होतो, पण हातातली नोकरी जाईल या धास्तीने त्याविषयी उघडपणे कुणी बोलत नाही.

पडताळणीच नको, असे आमचे म्हणणे नाही. बनावट पदव्या आणि खोटी अनुभवपत्रे विकणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक उमेदवार मागे पडतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, त्यानंतर शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची चारित्र्य पडताळणी व्हावी ही पालकांची मागणी शंभर टक्के रास्त होती. लहान मुले ज्याच्या ताब्यात द्यायची, त्याची चौकशी झालीच पाहिजे. पण ही गरज पुढे करून संगणकासमोर बसून काम करणाऱ्या मुलीचे बँकेचे व्यवहार चाळायचे, हे कशात बसते?

या विभागाची तयारी चालू असताना एका तरुणीने तिच्याकडून सही करून घेतलेला संमतीचा कागद आम्हाला दाखवला. शिक्षण, नोकरी, निवास, आर्थिक व्यवहार, न्यायालयीन नोंदी, समाजमाध्यमे यांविषयी कोणाकडूनही कोणतीही माहिती मिळवायला आपली हरकत नाही, आणि त्यातून काही नुकसान झाले तर आपण कोणाला जबाबदार धरणार नाही, असे त्यात तिच्या तोंडी घातले होते. सही झाल्यावर एजन्सीतून फोन आला. भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा यूएएन क्रमांक मागितला गेला आणि पाठोपाठ मोबाइलवर आलेला ओटीपीही. त्या खात्यात आजवरच्या नोकऱ्या दिसतात आणि दरमहा जमा झालेल्या रकमेवरून पगाराचा अंदाजही बांधता येतो. वरिष्ठाच्या त्रासाला कंटाळून तिने पूर्वी एक नोकरी तीन महिन्यांत सोडली होती आणि बायोडेटात ती लिहिली नव्हती. ती का सोडली, हे तिला एका अनोळखी माणसाला फोनवर सांगावे लागले. सांगताना आपण काही गुन्हा केला आहे असे वाटत होते, असे ती म्हणाली. पगाराचा पुरावा म्हणून तिने सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंटही दिले होते. त्यात आईला पाठवलेले पैसे होते, घरभाडे होते आणि मानसोपचारतज्ज्ञाची फीही होती.

या असल्या चौकशीला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीसाठी भरायच्या प्रतिज्ञापत्रात एकेकाळी विवाहित उमेदवार स्त्रियांना मासिक पाळी नियमित येते का, शेवटची कधी आली, किती वेळा दिवस गेले, गर्भपात झाला आहे का, असे प्रश्न असत. दिल्लीत प्रोबेशनवर असलेल्या एका कर्मचारी महिलेने बाळंतपणाची रजा घेतली आणि पाळीबद्दल खोटी माहिती दिली, असे म्हणून तिला कामावरून काढण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1991 साली न्यायालयाने तिला पुन्हा कामावर घ्यायला लावले आणि असे प्रश्न स्त्रीला लाजवणारे व अपमानास्पद आहेत, असे ठरवून ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले. एचआयव्ही चाचणी सकारात्मक आल्यामुळे त्याचे काम गेले होते. माणूस काम करायला सक्षम असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ या कारणाने त्याला काम नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. त्या खटल्याच्या नावातही न्यायालयाने त्याची ओळख उघड होऊ दिली नाही. त्याला न्याय मिळाला आणि वर त्याची अब्रूही राहिली. या निकालाचा आम्हाला विशेष आदर वाटतो.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर संसदेने 2023 साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा केला. पण त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची वाट मालकांना ठेवली आहे. म्हणजे ज्याच्यापुढे माणूस सर्वांत हतबल असतो, त्यालाच सवलत!

आणि संमती घेतली, तरी तिला कितीसा अर्थ आहे? घरचे हप्ते थकलेल्या मुलाला "सही कर, नाहीतर ऑफर रद्द" असे सांगितल्यावर तो सही करणारच. फिनलंडने ही गोष्ट ओळखली. तिथल्या 2004 च्या कायद्याप्रमाणे कामाशी थेट संबंध असलेली आवश्यक माहितीच मालकाला घेता येते, आणि कर्मचाऱ्याने संमती दिली तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. आमच्या मते कळीचा मुद्दा हाच आहे. उमेदवार हो म्हणाला का, यापेक्षा या कामासाठी ही माहिती लागतेच का, हे आधी विचारले पाहिजे. बँकेत रोकड हाताळणाऱ्याचा कर्जाचा इतिहास पाहण्यामागे काही तर्क तरी आहे. पण बाकीच्या नोकऱ्यांत सिबिल स्कोअर कशाला? बापाच्या आजारपणात कर्ज थकले, म्हणून मुलाला कामावर घ्यायचे नाही, आणि काम नाही म्हणून कर्ज फिटायचे नाही, या फेऱ्यातून त्याने बाहेर पडायचे कसे?

हे सगळे वाचून कंपन्यांवर रागावणे सोपे आहे. पण मालक आपणही असतो. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या आधार कार्डाची झेरॉक्स सोसायटीच्या कार्यालयात पडलेली असते आणि ती कोण चाळते याची आपण चौकशीही करत नाही. गेटवरच्या ॲपमध्ये त्यांचा फोटो, येण्याजाण्याच्या वेळा आणि आपण दिलेले तारे दिसत असतात. एखाद्या घरी खटका उडाला की तारे कमी होतात, पण मावशींची बाजू मांडायला तिथे रकाना नसतो. आपल्या मुलांसाठी जे मागायचे, ते त्यांच्यासाठीही मागावे लागेल.

मागणे फार नाही. कोणती माहिती, कशासाठी आणि किती दिवस ठेवणार, हे ऑफर देतानाच लेखी सांगावे. ओटीपी मागू नये. अहवाल कंपनीइतकाच उमेदवारालाही मिळावा, आणि लाल शेरा असेल तर खुलासा ऐकल्याशिवाय ऑफर रद्द करू नये. नेमणूक झाली नाही, तर कागद नष्ट करावेत.

विभागात एका मनुष्यबळ अधिकाऱ्याचा आणि पडताळणीसाठी दारोदार फिरणाऱ्या एका मुलाचाही लेख आहे. दर घरामागे ठरलेल्या पैशांवर काम करणाऱ्या या मुलाची बाजू आम्हाला ठाऊक नव्हती, ती जरूर वाचा. तुमचे अनुभव पत्राने कळवा. पुढच्या अंकांत ते छापू, पण पत्रलेखकाचे नाव, गाव आणि कंपनी आमच्याकडून बाहेर जाणार नाही.