दोन प्रसिद्ध शेजाऱ्यांमधला जॉर्ज

लंडन ब्रिजवरून थेम्सच्या दक्षिणेला उतरलं की बरो हाय स्ट्रीट लागतो. डाव्या हाताला एकामागून एक बोळ आहेत: व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅल्बट यार्ड. प्रत्येक बोळात एकेकाळी एक सराई होती. आज उभी आहे ती फक्त मधली, ‘द जॉर्ज’. तीही अर्धीमुर्धी.

इथे सराया दाटल्या त्या पुलामुळे. 1750 मध्ये वेस्टमिन्स्टरचा पूल खुला होईपर्यंत लंडन शहरात शिरायला हा एकच पूल होता. तोही अरुंद, वर घरं आणि दुकानं, रात्री दरवाजे बंद. केंट-ससेक्सकडून आलेल्या गाड्या अलीकडेच थांबत. चौकात घोडे सोडायचे, खाली जेवायचं, वर झोपायचं. चौकाभोवती लाकडी सज्जे आणि त्यांत उघडणाऱ्या खोल्यांची रांग. गिरगावातली चाळ पाहिलेल्याला याचं चित्र काढून दाखवायला नको.

शेक्सपिअर जॉर्जमध्ये बसायचा, असं हौसेने सांगणारे भेटतात. ग्लोब थिएटर जवळच होतं, म्हणून कल्पना मोहक वाटते. पण सध्याची इमारत 1677 ची. आधीची त्याच्या आदल्या वर्षी सदर्कच्या आगीत गेली. शेक्सपिअर वारला 1616 मध्ये. तेव्हा निदान या छपराखाली तरी तो कधी बसलेला नाही.

साहित्यातला खरा मान शेजाऱ्यांचा. दक्षिणेकडच्या बोळात ‘टॅबर्ड’ होती. चौदाव्या शतकात चॉसरने आपले कँटरबरीचे यात्रेकरू तिथे जमवले आणि सराईवाल्यालाच गोष्टींच्या स्पर्धेचा पंच केला. बक्षीस काय, तर परतल्यावर याच सराईत बाकीच्यांच्या खर्चाने जेवण. गिऱ्हाईक परत आणायची ही युक्ती मला तरी फार आवडते. आगीनंतर ती सराई ‘टॅल्बट’ नावाने पुन्हा उभी राहिली आणि 1870 च्या दशकात पाडली गेली.

उत्तरेकडची ‘व्हाइट हार्ट’ डिकन्सची. तिच्या चौकात बूट पुसणारा सॅम वेलर 1836 मध्ये ‘पिकविक पेपर्स’मध्ये अवतरला आणि शेकड्यांत खपणारे अंक चाळीस हजारांवर गेले. डिकन्सला हा भाग कोवळ्या वयातच पाठ झाला होता. 1824 मध्ये वडील कर्जापायी याच रस्त्यावरच्या मार्शलसी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा चार्ल्स कारखान्यात बूटपॉलिशच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवत होता. वेलरच्या हातात बूट आले ते उगाच नव्हे, असं मला वाटतं.

गंमत पाहा: घोडागाड्यांच्या दुनियेची ती लाडकी कादंबरी छापली जात होती, त्याच वर्षी, डिसेंबरात, लंडन ब्रिज स्टेशन सुरू झालं. हाकेच्या अंतरावर. मग सराया उतरणीला लागल्या. व्हाइट हार्ट 1889 मध्ये गेली. इतकी गाजलेली कादंबरीही तिला वाचवू शकली नाही.

आणि जॉर्ज? डिकन्सच्या ‘लिटल डॉरिट’मध्ये तिचा उल्लेख येतो, पण निव्वळ ओझरता, टिप नावाचं उधळं पात्र पत्र लिहायला तिथे शिरतं, एवढंच. ती वाचली रेल्वेमुळे, तेही रेल्वेच्या मनात नसताना. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने सराईचा मालडेपो केला आणि 1889 मध्येच गोदामासाठी जागा हवी म्हणून दोन बाजू पाडून टाकल्या. दक्षिणेची बाजू तेवढी ठेवली. पुढे वारसदार कंपनीने 1937 मध्ये ती नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. सज्जे असलेली जुन्या गाडीतळाची सराई लंडनमध्ये आता एवढीच.

आजही तिथे धंदा चालतो. चौकात घोड्यांऐवजी बाकडी आहेत आणि संध्याकाळी आसपासच्या ऑफिसांतली मंडळी बिअरचे ग्लास घेऊन दाटीवाटीने बसतात. चॉसरच्या टॅबर्डच्या नावाने मात्र पलीकडच्या बोळात भिंतीवर एक निळी पाटी आहे.