विश्लेषण : आतड्याच्या कर्करोगात जनुक चाचणी किती कामाची?

मोठ्या आतड्यातील गाठ काढली, आता केमो घ्यायची का? अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न नागपूर-मुंबईच्या फेऱ्यांचा आणि खर्चाचाही असतो. अशा वेळी जनुक चाचणीचे नाव पुढे येते.

पेच कोणत्या टप्प्यात?
कर्करोग आतड्याच्या स्नायूथरापलीकडे गेला, पण लसिका ग्रंथींत पोहोचला नाही, तर तो दुसरा टप्पा. यातील बहुतेक रुग्ण केवळ शस्त्रक्रियेने बरे होतात. काहींचा आजार मात्र परततो. सर्वांनाच केमो दिली, तर अनेकांना विनाकारण त्रास सोसावा लागतो.

चाचणीत काय मोजतात?
पेशीतील जे जनुक कार्यरत असते, त्याच्या आरएनए प्रती तयार होतात. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ‘ब्लॉक’मध्ये जपलेला असतो. त्यातून या प्रती मोजतात. ‘ऑन्कोटाइप डीएक्स कोलन’ चाचणीत १२ जनुके असतात : ७ कर्करोगाशी संबंधित, ५ तुलनेसाठी. त्यावरून ० ते १०० गुण मिळतात.

आकडे काय सांगतात?
ब्रिटनमधील ‘क्वासार’ चाचणीतील रुग्णांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांत तीन वर्षांत आजार परतण्याचा धोका कमी गुणांच्या गटात १२ टक्के, तर जास्त गुणांच्या गटात २२ टक्के होता. म्हणजे जास्त गुण असूनही १०० पैकी ७८ जणांचा आजार त्या काळात परतला नाही. महत्त्वाचे म्हणजे, केमोचा फायदा कोणाला होईल, हे या गुणांवरून सांगता आले नाही. धोका कळणे आणि औषध लागू पडेल हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी काय पाहावे?
नेहमीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमधील तीन गोष्टी डॉक्टरांकडून समजून घ्या :
• किमान १२ लसिका ग्रंथी तपासल्या का? कमी तपासल्या असतील, तर टप्पा चुकू शकतो.
• गाठ ‘टी-४’ आहे का? आतडे फुटले किंवा बंद झाले होते का? असल्यास धोका वाढतो.
• ‘एमएमआर’ तपासणी झाली का? दुसऱ्या टप्प्यात ही प्रथिने गाठीत नसतील, तर आजार परतण्याचा धोका कमी असतो आणि फक्त ‘५-एफयू’ गटातील केमोचा फायदा दिसत नाही.

डॉक्टरांना काय विचारावे?
जनुक चाचणीचे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : ‘गुण कमी आले किंवा जास्त, उपचार बदलणार आहेत का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर ती चाचणी कशासाठी, हेही विचारा.