जमा, नावे आणि न लिहिलेली नावे

नवी मुंबईचा इतिहास सांगणारे बहुधा खाडीपुलापासून सुरुवात करतात आणि उंच इमारतींपाशी थांबतात. पनवेल-उरणच्या माणसाने तो सातबाऱ्यापासून वाचावा, असे आम्हांस वाटते.

1970 साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरविले. 17 मार्चला सिडको स्थापन झाली. कायदा कोणता, तर इंग्रजांनी केलेला 1894 चा! वसंतरावांना आम्ही शेतकऱ्यांचे वैरी म्हणणार नाही. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या, त्यात आपल्या समाजाच्याही होत्या. पण इथली भातशेती आणि मिठागरे त्यांच्याच सहीने गेली. पुढाऱ्याच्या खात्यात जमा आणि नावे, दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

असेच एक खाते अमेरिकेत आहे. अँड्र्यू जॅक्सन हा 1829 ते 1837 या काळातला अध्यक्ष. गरीब घरातून वर आलेला, सामान्यांचा कैवारी म्हणून गाजलेला. त्याने 1830 साली मूळनिवासी जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याच्या कायद्यावर सही केली. चेरोकी जमातीची स्वतःची लिपी होती, 1828 पासून स्वतःचे वृत्तपत्र होते. 1832 साली सर्वोच्च न्यायालयाचा कौलही त्यांच्या बाजूने लागला. निकाल कागदावरच राहिला. 1838-39 मध्ये, जॅक्सन पायउतार झाल्यावर पण त्याच्याच धोरणाने, सुमारे 16 हजार चेरोकींना हाकलण्यात आले. त्यांतले सुमारे 4 हजार छावण्यांत आणि वाटेत मेले, असा अंदाज आहे. जॅक्सनचे चित्र मात्र वीस डॉलरच्या नोटेवर आजही आहे.

यातली एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. सधन चेरोकींकडे काळे गुलाम होते. मालकांबरोबर तेही त्या वाटेने फरफटत गेले. चेरोकींची जमीन गेली, असे इतिहासाने लिहिले. गुलामाचे काय गेले, हे लिहायला रकानाच नव्हता.

आम्ही ओढूनताणून तुलना करीत नाही. इथे कोणाला हजार मैल चालविले नाही. पण गोळ्या चालल्या. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, जासई परिसरात, पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला आणि 1990 साली शासनाने तशी योजना केली.

आता हिशेब करू. एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के 5 गुंठे. सामाजिक सुविधांसाठी तीस टक्के कपात, म्हणजे हाती साडेतीन. गेलेल्या एकरापुढे ते थोडेच, तरी जमिनीला भाव आला तेव्हा त्यावर काही घरे उभी राहिली. पण ज्या घराच्या नावे सातबाराच नव्हता, त्याचे काय? लावणी-कापणीला दुसऱ्याच्या बांधावर जाणारी बाई, मिठागरात मीठ ओढणारा गडी? शून्याचे साडेबारा टक्के काढायला बी. कॉम. व्हावे लागत नाही! भूमिपुत्र या शब्दात भूमिहीन बसतो की नाही, हे आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनी कधीच विचारले होते.

वाचक बंधू-भगिनींनो, आज स्थिती थोडी वेगळी आहे. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात, संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबणारा आणि त्यावरच पोट असणारा शेतमजूरही बाधित कुटुंबात धरला आहे. कूळ, वाटेकरी आणि कारागीरही त्यात येतात. मात्र तीन वर्षे राबल्याचा पुरावा लागतो. म्हणून मजुरीची नोंद ठेवा. मुकादमाच्या वहीत आपले नाव आहे का, ते पाहा. बायांची नावे वेगळी लिहा, नवऱ्याच्या नावाखाली नकोत.

आणखी एक. नैनासारख्या नगररचना योजनेत जमिनीची फेरआखणी होते, रीतसर संपादन होतेच असे नाही. म्हणजे वरच्या कायद्याचा आधार तिथे मिळेलच, असे धरून चालू नका. तिथल्या मजुराची यादी कोण करणार, हे येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.