वैद्यसभेतील टॅब्लेट : सोय आणि संयम

गेल्या पावसाळ्यात वाशी येथील एका वैद्यसभेत अशोकाच्या सालीची परीक्षा हा विषय आमच्याकडे होता. आम्ही टॅब्लेट बिनतारी पद्धतीने प्रोजेक्टरला जोडला आणि खऱ्या अशोकाची साल व तिच्या जागी खपविली जाणारी आसुपालवाची साल कॅमेऱ्याखाली शेजारी-शेजारी ठेवली. मागच्या रांगेतील औषधविक्रेते बंधूंनाही दोहोंचा रंग व पोत स्पष्ट दिसला. टॅब्लेट हातोहाती फिरला. एकाने आपल्या दुकानातील नमुना दाखविला, दुसऱ्याने शंका काढली. वीस मिनिटांचे भाषण तासाभराची चर्चा झाली.

तेवढ्यात आमच्या एका रुग्णेचा संदेश, नाव व तक्रारीसह, पडद्यावर उमटला. आम्ही तो तत्काळ दूर केला. परंतु ज्यांनी वाचायचा त्यांनी वाचला होता. चूक सर्वस्वी आमची होती.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषा, म्हणजे समविद्य वैद्यांचा परस्पर संवाद, हा ज्ञानवृद्धीचा उपाय सांगितला आहे. त्याच अध्यायात शिष्याला दिलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर बोलू नयेत, अशी आज्ञा आहे. टॅब्लेटने पहिली गोष्ट सुलभ केली. दुसरी सांभाळणे मात्र आपल्याच हाती आहे.

ठाणे जिल्ह्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेतील मुलांच्या हाती टॅब्लेट आले, त्यास दशक उलटले. आपल्या सभांत मात्र वक्ता अद्याप संगणकाच्या तारेला जखडून मंचावरच उभा असतो. त्याने श्रोत्यांत यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी थोडी पूर्वतयारी हवी. एअरप्ले पद्धतीत टॅब्लेट व पडद्याकडील उपकरण बहुधा एकाच वाय-फाय जाळ्यावर असावे लागते. २०१२ मध्ये आलेल्या मिराकास्ट पद्धतीत दोन उपकरणे परस्परांशी थेट जोडली जातात. सभागृहातील जाळे ऐन वेळी दगा देऊ शकते, म्हणून तार व जोडणी जवळ ठेवावीच. सभेपूर्वी सूचना व संदेश बंद करावेत. शक्यतो सभेसाठी वेगळा टॅब्लेट ठेवावा, ज्यात रुग्णांची नोंद वा छायाचित्र नसेल. रुग्णाचे छायाचित्र दाखवायचेच असेल, तर त्याची संमती आधी घ्यावी व ओळख पटेल असे काही ठेवू नये.

आणखी एक सावधगिरी. सुश्रुताचार्यांनी छेदनकर्माचा अभ्यास कोहळा, दुध्या अशा फळांवर करावयास सांगितला. केवळ पाहून हात बसत नाही, हे ते जाणत होते. पडद्यावर सालीचा रंग दिसतो, तिची चव आणि गंध नाही. म्हणून चित्र दाखवून झाल्यावर द्रव्य प्रत्येकाच्या हाती गेलेच पाहिजे. महाविद्यालयातील वर्गांनाही हाच नियम लागू आहे.

आपल्या शाखांनी पुढील सभेत एक टॅब्लेट, एक पडदा आणि संशयित द्रव्यांचे चार नमुने ठेवून पाहावेत. औषधविक्रेते बंधूंनी आपले नमुने निःसंकोच आणावेत. मात्र सभा सुरू होण्यापूर्वी सूत्रसंचालकाने वक्त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : संदेश बंद केले का? आम्हाला तो त्या दिवशी कोणी विचारला असता, तर एका रुग्णेचा विश्वास अबाधित राहिला असता.